मुद्दा पुढे नेताना

१९ जानेवारी, सोमवार
डोक्याला मार बसलेल्या समस्त बंधुभगिनींनो! (डायरीत श्रोते नसतात, माहीत आहे. सवय.) आपण हसलो तर डोक्यामुळे, रडलो तर डोक्यामुळे, चिडलो तर डोक्यामुळेच! मार बसण्याआधी आपण माणसं होतो, आता नुसती लक्षणं उरलो!

सप्टेंबरात लुसैलच्या ऑफिसात निरोपाचं भाषण करताना मी मुद्दा पुढे नेला. स्टेज तिथेच संपलं. आठ दिवस हॉस्पिटल. आता ठणठणीत. पण बायको, मर्सी, नर्स आहे. तिला घरातही पेशंट दिसतो.

६ फेब्रुवारीला लग्नाची पंचवीस वर्षं. दोहातल्या वसईकरांत टोस्टचं भाषण म्हणजे मी, रोनाल्ड. मर्सीला आमच्यातलाच मेल्विन हवाय. म्हणाली, स्वतःच्या लग्नाचा टोस्ट कुणी स्वतः करतं का, आणि तो तीन मिनिटांत आटपतो. शेवटी करार: तोपर्यंत आरडाओरडा नाही, रडारड नाही, तर टोस्ट माझा. नाहीतर मेल्विन, आणि मी दर मंगळवारी थेरपिस्ट नबीलाच्या, डोक्याला मार बसलेल्यांच्या ग्रुपला. चुकलो की स्टेफी फ्रिजवर लाल स्टिकर लावणार. पोटची पोर!

२१ जानेवारी, सकाळी ७
स्टिकर शून्य.

७.१०
टोस्टरवर ओरडलेलं धरत नाहीत. स्टेफी म्हणते, डॅडी, इट काउंट्स.

२४ जानेवारी
जाहिरात बघताना डोळ्यांत पाणी. कारण एसी. डोळे कोरडे पडले की पाणी येतं, हे विज्ञान आहे. जाहिरात टायरची होती. पण चारही टायर शेवटपर्यंत एकत्र राहिले.

२७ जानेवारी, मंगळवार
केवळ पाहणी म्हणून ग्रुपला गेलो. नबीला म्हणाली, भावना खऱ्याच असतात, मेंदूचा ब्रेक सैल झालाय. मी चाळीस मिनिटं तिचं खंडन केलं. मेसईदला टँकर चालवणारा धनाजी निघताना म्हणाला, साहेब, मला एवढंच सांगायचं होतं, बायकोचा फोन आला की मी हसत सुटतो, ती तिकडं घाबरते.
मला ग्रुपची गरज नाही. ग्रुपला माझी असेल.

३१ जानेवारी
स्टेफीची मैत्रीण आली होती. मातृभाषा या विषयावर तिच्याशी थोडं बोललो. ती जेवायला थांबली नाही. स्टेफी दार लावून बसली.
लाल स्टिकर संपले. म्हणजे जिंकलो.

६ फेब्रुवारी, सकाळ
भाषण बावीस मिनिटं. पाठ. हॉल हलणार.

७ फेब्रुवारी
काल हॉलमध्ये नाव मेल्विनचं पुकारलं. माइक माझ्या जवळ होता.
पहिला शब्द: मर्सी. दुसरा आलाच नाही. रडलो. मग मेल्विनचा टाय दिसला, हसलो. मग मला हसवलं म्हणून मेल्विनवर ओरडलो. वेटर काशिफने टिश्यूचा अख्खा डबा आणून ठेवला. स्टेफी खाली बघत होती.
मर्सीने माझ्या हातातला ग्लास घेतला. म्हणाली, हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर हा पहिलं वाक्य बोलला, माझा मुद्दा राहिला. तेव्हाच म्हटलं, चला, माणूस आपलाच परत आला. पंचवीस वर्षं याचे मुद्दे ऐकतेय, अजून ऐकेन. फक्त घरात मला आणि पोरीला भीती वाटायला नको. रेझ युअर ग्लासेस.
हॉल उभा राहिला. तिचं भाषण मिनिटभराचं. आवाज कमी पडला. बाकी दोष सापडला नाही. अजून शोधतोय.

१० फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी ३.२०
बंधुभगिनींनो! ग्रुप चारला. माझ्याकडे सात मुद्दे तयार आहेत. पण धनाजीचं बोलणं अर्धंच राहिलंय. खाली मर्सीने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला.
तेव्हा माझं एकच आवाहन आहे.
रोनाल्ड, बूट घाल.