साखर उतरली तेव्हा

मेडशी, मंगळवार, दिवेलागण

सकाळी हे इन्सुलिन घेऊन, न जेवताच तूर पाहायला वावरात गेले. मी भाकरी घेऊन पोचले, तर धुऱ्याच्या बांधावर घामाघूम बसलेले. मलाच विचारतात, "तुमी कोन?" घोट घोट साखरपाणी पाजलं, तेव्हा ओळखलं. हात मात्र गारच.

दवाखान्यात यांनी विचारलं, "साखर कमी झाली तं चांगलंच ना?" मलाही तसंच वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, "नाही. वारंवार अशी उतरली तर रक्तवाहिन्यांना आतून इजा होते, हृदयावर ताण येतो."

तो गार हात डोक्यातून जात नाही. मला ओळखलं नव्हतं, हे सांगावं का यांना? आज नको.

आत्ता यांनी इंजेक्शन घेतलं आणि न बोलावता ताटावर येऊन बसले. म्हणाले, "वाढ वं."