झऱ्याच्या वरची घरं

मंगळवार, ९ ऑक्टोबर

मेवच्या शीमध्ये रक्त!

डर्वलाचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. हात पुसायचेही राहिले, तशीच शेत ओलांडून पळाले. लेकीचं घर आमच्यापासून एका शेतावर, पण आज ते शेत संपेना. पोर कोचावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. "नॅना, पोटात मांजर चावतंय." तीन वर्षांची आहे, तिला दुसरं काय सांगता येणार!

डॉक्टर म्हणाला, साथ असेल, पाणी पाजत राहा. मी पाजलं. पेले भरभरून. नळाचं.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या इस्पितळातून आज तिला डब्लिनला हलवलं. अॅम्ब्युलन्समध्ये डर्वला, मागून गाडीत कॉर्मॅक. जावई इतका पांढरा पडला होता की त्याला गाडी चालवू द्यावी की नको, असं वाटलं.

काल दुपारपासून पोरीला लघवी झालेली नाही.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

किडन्या थांबल्यात. यंत्रावर ठेवलंय. डर्वला फोनवर एकेक शब्द तोडून सांगत होती, जणू कागदावरचं वाचतेय. जंतू आहे. गुराढोरांच्या, माणसांच्या शेणाघाणीतला. मोठ्यांना दोन दिवस हगवण लागते आणि जातो, लहान मुलांच्या रक्तात शिरला तर किडन्या धरतो.

मग म्हणाली, "मॅमी, ते विचारतायत ती पाणी कुठलं पिते."

शनिवार, १३ ऑक्टोबर

पाण्यात सापडला. तोच. पाणी उकळून घ्या म्हणून मी स्वतः घरोघरी चिठ्ठ्या टाकल्या — पाणी-मंडळाची चिटणीस ना मी! आमची बावीस घरं त्या झऱ्यावर. झऱ्यापाशी पंप, पंपापासून पाइप, बस्स. ना गाळणी, ना क्लोरीन.

एप्रिलमध्ये सभा घेतली होती. गावाबाहेरच्या मोठ्या योजनेला आपला पाइप जोडून घेऊ, तिथे पाणी गाळून, क्लोरीन घालून सोडतात, असं मी मांडलं. अध्यक्ष मटी लॅली उठला. "माझा बाप हे पाणी पिऊन नव्वदीपर्यंत नाचला. तुम्हाला काय पोहण्याच्या तलावातला चहा प्यायचाय?" सगळे हसले. आणि 'नाही'साठी हात वर करा म्हटल्यावर माझ्या शेजारच्या खुर्चीवरून हात वर गेला. फेस्टीचा. माझ्या नवऱ्याचा! घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नव्हते. नंतर बोलले, विसरले. नवरा-बायकोत काय काय नाही होत.

आज डर्वलानं ते काढलं. "हात वर केला होता ना त्यानं? मग आता त्याला म्हणावं फोन करू नकोस मला."

फेस्टी दारातच उभा होता. ऐकू आलं असणार.

रविवार, १४ ऑक्टोबर

चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. नेहमी मागून कुणीतरी वाकून काहीबाही बोलतं. आज सगळे बोलले ते मेवबद्दल, माझ्याशी, आणि फेस्टीकडे न बघता.

कारण सगळ्यांना माहीत आहे. झऱ्याच्या वरच्या अंगाला घरं दोनच. डर्वलाचं, पाच वर्षांपूर्वी बांधलेलं, संडासाच्या टाकीला दाखला असलेलं. आणि आमचं. आमची टाकी फेस्टीच्या बापानं घातली. सिमेंटची पेटी, तिच्यातून एक पाइप जमिनीत जातो, पुढे कुठे जातो ते तो म्हाताराच जाणे. शिवाय आमची वासरं.

चर्चच्या पायरीवर मटी म्हणाला, "फेस्टी, टाकी शेवटची कधी उपसलीस रे?" सगळ्यांच्या देखत. हाच तो, पोहण्याच्या तलावातला चहा म्हणणारा!

फेस्टी म्हणाला, "तू तुझी कधी उपसलीस?" पण आवाजात दम नव्हता.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

पाणी कुठून बिघडतं ते तपासायला जिल्ह्याकडून मिस हेनेगन आली. तरुण आहे, नाकात चमकी, गाडीच्या मागे रबरी बुटांचे दोन जोड. फेस्टीला ती बघताक्षणीच आवडली नाही, कारण तिनं त्याची टाकी उघडून आत डोकं घातलं आणि नाकही मुरडलं नाही.

तिची रीत अशी — संडासात रंग ओतायचा. हिरवा, डोळ्यांत भरेल असा. मग झऱ्यावर नजर ठेवायची. रंग आला तर घाणही त्याच वाटेनं येते. आधी आमच्या घरात ओतायचा. आमचं काही निघालं नाही तर पुढच्या आठवड्यात डर्वलाच्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ झऱ्यावरून बाटली भरून ठेवायची.

"मीच?" म्हटलं. "आमचंच घर आहे."

"तुम्ही चिटणीस आहात," म्हणाली. "आणि तुम्ही खोटं बोलणार नाही."

कशावरून? काय ओळख आमची? नात यंत्रावर आहे आणि मी मनात देवाला म्हणतेय, आमचं नको निघू दे.

बुधवार, १७ ऑक्टोबर

स्वच्छ.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

स्वच्छ. मेव तशीच. हात सुजलेत म्हणे, अंगठी घालावी तसे वळ पडतात बोटांना.

फेस्टी घरातला संडास वापरत नाही. दोन दिवस झाले. गोठ्यामागे जातो, सहासष्ट वर्षांचा माणूस, टॉर्च घेऊन! मी म्हटलं, "अरे, रंग ओतून झालाय, आता तू गेल्यानं काय होणार?" तर म्हणाला, "काही सांगता येत नाही." मला हसू आलं. मग तो अंगणातच रडायला लागला आणि मला काही सुचेना. त्याची टोपी घेऊन मी नुसती उभी.

शनिवार, २० ऑक्टोबर

आज सकाळीही स्वच्छ. मिस हेनेगननं बाटल्या नेल्या, दिव्याखाली तपासल्या, फोन केला. आमचा रंग झऱ्यात गेलेला नाही. एक थेंबही नाही. आमच्या टाकीचं पाणी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरतं. म्हाताऱ्यानं नशिबानं बरोबर जागी खणलं होतं.

फेस्टीनं फोन माझ्या हातातून घेऊन पुन्हा विचारलं. मग खुर्चीवर बसला. मी दोघांना चहा केला. उकळलेल्या पाण्याचा. ब्रेडला लोणी लावलं. किती दिवसांनी चव लागली काहीतरी!

अर्धा कप झाल्यावर फेस्टी म्हणाला, "मग उरलं कोण?"

मंगळवार, २३ ऑक्टोबर

डर्वलाच्या घराची किल्ली माझ्याकडेच. मिस हेनेगनला आत घेऊन गेले. न्हाणीघरात मेवचं पायरीचं स्टूल, बदकाचं चित्र असलेलं. मिस हेनेगननं ते उचलून जपून बाजूला ठेवलं आणि रंग ओतला. साखळी ओढली. हिरवं पाणी गोल फिरून गेलं.

"दाखला आहे ह्या टाकीला," मी म्हटलं. दोनदा म्हटलं बहुतेक.

"हो. चांगली बांधलीय."

डर्वलाला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय अजून आमच्याच घराची तपासणी चालू आहे. तिनं विचारलं नाही, मी बोलले नाही.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

हिरवं.

सकाळी झऱ्यावर वाकले तर आधी वाटलं शेवाळ असेल. बाटली उजेडात धरली. मुलांच्या सरबतासारखा रंग. बाटली हातातून सुटली, वाहत गेली. तिथेच चिखलात बसले. पाणी आपलं नेहमीसारखं खळखळतंय, आणि हिरवं!

मिस हेनेगन दुपारी आली. टाकी ठीक, काम ठीक, कागदपत्रं ठीक, म्हणाली. पण टाकीतलं पाणी जिथे मुरायला सोडलंय तिथे माती वीतभर आणि खाली चुनखडीचा खडक, भेगाच भेगा. घाण मुरतच नाही, सरळ खाली पळते. मोठ्या पावसात तर झऱ्यात तासाभरात. आणि झऱ्यातून पंप, पंपातून पाइप, पाइपातून पुन्हा त्यांच्याच नळाला.

"म्हणजे पोरीला तिच्याच घरातलं—"

"रोग कुठून आला ते मी सांगू शकत नाही, मिसेस कॉन्री. तुमची गुरंही आहेत, कुणीतरी आजारी पाहुणाही असेल. घाण कुठल्या वाटेनं येते एवढंच मला माहीत आहे."

फेस्टी मध्येच म्हणाला, "ती जागा मी दिली त्यांना. घर इथे बांधा, तुम्हाला तळं दिसेल, असं मीच म्हणालो. बोटानं दाखवली मी."

 मिस हेनेगन गाडीत बसून बराच वेळ फोनवर बोलत होती.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

कसं सांगायचं? झोप न काढलेल्या, खुर्चीत बसून दिवस काढणाऱ्या आईला कसं सांगायचं की पोरी, तुझ्याच घराची घाण तुझ्या लेकीच्या पेल्यात?

"सांगायचं नाही," फेस्टी म्हणाला.

"आणि कळलं तर?"

"तेव्हा कळेल. आज नाही."

नेमका त्याच वेळी तिचा फोन. "मॅमी, निघालं का काही?"  फेस्टीनं माझ्या हातातून फोन घेतला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा बोलला तिच्याशी.

"आमची टाकी, डर्वला. जुनी. माझी."

  ती म्हणाली, "बरं." आणि ठेवला.

नंतर मी मिस हेनेगनला फोन केला. विनवलं. पोर घरी येईपर्यंत तरी थांबा. ती म्हणाली, "घरमालकाला कळवणं माझं कामच आहे. ते कुणी सांगूनही थांबत नाही." बरोबरच आहे तिचं. मला तिचा इतका राग आला!

रविवार, २८ ऑक्टोबर

सभा. हॉल भरलेला, कधी नव्हे तो. मटी बोलायला उठण्याआधीच फेस्टी उभा राहिला. लग्नातसुद्धा भाषण केलं नव्हतं त्यानं.

"घाण माझ्या जमिनीतून येते," म्हणाला. "एप्रिलमध्ये मी नाहीसाठी हात वर केला होता. आज हो म्हणतोय. ज्याला माझ्यावर ओरडायचंय त्यानं आधी हात वर करावा, मग ओरडावं."

कुणी ओरडलं नाही. मटीनं सगळ्यात शेवटी, पण हात वर केला. पाइप जोडायचं ठरलं. वसंतापर्यंत येईल म्हणे. तोवर टँकर.

हे मला हवं होतं. वर्षानुवर्षं हवं होतं. घरी येताना फेस्टीचा हात धरला तर बर्फासारखा. तिला कळलं तर? ज्या दिवशी कळेल त्या दिवशी दोन गोष्टींचा राग करेल — घाणीचा आणि खोट्याचा.

गुरुवार, १ नोव्हेंबर

लघवी झाली!! चमचाभर, पण झाली. नर्सनं टाळ्या वाजवल्या म्हणे. फेस्टीला गोठ्यात जाऊन सांगितलं तर त्यानं गाईच्या पाठीवर डोकं टेकलं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

यंत्र काढलं. रविवारी घरी. वर्षभर तपासण्या, मीठ कमी, पण घरी.

फेस्टीनं मशीन आणलंय खणायचं. डर्वलाच्या घरामागे कामाला लागलाय — वर मातीचा मोठा ढीग घालून त्यात टाकीचं पाणी मुरवायचं, मिस हेनेगननं आखून दिलंय तसं. विचारलं, ती आल्यावर विचारेल हे कशाला, काय सांगशील? म्हणाला, "मशीन आणलंच होतं, म्हणून तुमचंही करून टाकलं, असं सांगेन." कोण विश्वास ठेवणार आहे!

रविवार, ११ नोव्हेंबर

आल्या. पोर इतकी हलकी झालीय. फेस्टी समोर न येता शेतापलीकडे त्यांच्या घरामागेच खणत राहिला, डर्वला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत होती.

"मॅमी, रंग दिसला त्या गुरुवारीच मला कळलं होतं, टाकी आमचीच आहे ते. मिस हेनेगननं गाडीतूनच फोन केला होता. डॅडी म्हणाला 'माझी टाकी' तेव्हा मला माहीत होतं. मी बोलू दिलं त्याला. मला कुणाचा तरी राग करायचा होता, आणि माझा करवत नव्हता."

मी म्हटलं, त्याला सांगू का?

तिनं दारातले त्याचे जुने बूट पायात घातले, दोन माप मोठे, आणि चिखलातून त्याच्याकडे निघाली.