सुप्रभा आजींनी मागं काय पुरलं

रविवार, ७ जानेवारी २०२४
नाही म्हणाली. परत! तनूचं एकच — "तिथं माझ्याशी बोलणार कोण? तुम्ही दिवसभर किचनात. मी अन् सान्वी चार भिंतींत. वेड लागंल मला." वकील म्हणतो बायकोपोरीचा व्हिसा महिनाअखेरपर्यंत टाक, नंतर नियम बदलतायत. ती येणार नसली तर मी पण चाललो बार्शीला. ग्लासगोत डोसे घालून घालून मीच डोसा झालोय.

८ जानेवारी
पाऊस. डोसा. पाऊस.

१० जानेवारी
घरमालकीण सुप्रभा आजींच्या नातीनं, मालविकानं, आज जिन्यात गाठलं. आजी पुढच्या महिन्यात ऐंशीच्या होणार. तिला त्यांच्यावर पुस्तक करायचंय. १९६३ साली एकोणीस वर्षांची पोर, कडेवर मिलिंद, ह्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. रस्त्यावर दुसरं मराठी माणूस नाही. आजींची तेव्हाची वही सापडलीय. "पण मला मराठी वाचायला येत नाही. डॅडला पण नाही. तू वाचशील? आजीला सांगू नको, सरप्राइज आहे!"
म्हटलं, त्यात काय! सातवी नापास आहे ते नाही सांगितलं.

रविवार, १४ जानेवारी
घोटाळा केला.
जेवून आजी झोपल्या, मग बसलो. मी, मालविका अन् तिचे वडील मिलिंदकाका — कडेवरचा तो मिलिंद, आता साठीचा दातांचा डॉक्टर. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग! बोट ठेवून वाचत होतो. दूध गोठलं. मिलिंदचे लंगोट स्टोव्हवर वाळवले, एक जळाला. दुकानात खुणा करून हळद मागितली, मोहरीची चटणी दिली. सगळे हसत होते. मग आलं —
"२५ जानेवारी. मांसाचा गोळा. यांना सांगितलं नाही. मागं पुरला. वर अक्षता टाकल्या. फार रडले."
माझं बोट तिथंच अडकलं.
"गोळा म्हणजे?" मालविका.
आता आमच्याकडं मांसाचा गोळा कशाला म्हणतात? दिवस भरायच्या आत गेलेल्या बाळाला. सांगून टाकलं.
मिलिंदकाकांचा चेहरा पडला. "म्हणजे... माझी भाऊ होती?" काकांचं मराठी असंच.
पान उलटलं. पुढचं वर्ष, २५ जानेवारी. "यंदाही पुरला." त्याच्या पुढचं — "यंदाचा मोठा. खड्डा पुरेना." मोजले. सात!
"सात? सगळे ट्वेंटी-फिफ्थलाच?" मालविका माझ्याकडं बघाय लागली.
"मी फक्त वाचतोय!"

१५ जानेवारी
तनूला सांगितलं. तिनं मागचा टीव्ही बंद केला. मग — "एकटीनं? कुणाला न सांगता?" फोन ठेवला.
झालं! आता कसली येतीय!

रविवार, २१ जानेवारी
चहा ठेवत होतो, आजींची हाक. "अरे हरीश, मिलिंद मागं माझ्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्याला फुलं का वाहतोय?"
खिडकीतनं बघितलं. काका चिखलात गुडघे टेकून, हातात सात पांढरे गुलाब.
सांगावंच लागलं. आजींनी परत खिडकीतनं बघितलं. मग अशा हसल्या की लेकानं बसवलेली कवळी बाहेर आली.
"मेल्या, हॅगिस होता तो! खाली घरमालकीण राहायची, मिसेस मकाय. पंचवीस जानेवारीला इथल्या मोठ्या कवीची जयंती, घरोघरी हॅगिस खातात. मेंढीचं काळीज-फुप्फुस तिच्याच पोटात भरून उकडायचं. एक वर मला आणून दिला, आणि मी अंडंसुद्धा न शिवलेली! टाकू कुठं? बाई कचऱ्याचा डबा उघडून बघायची. म्हणून पुरला. दुसऱ्या दिवशी विचारते, कसा होता? मला इंग्रजी एवढंच यायचं — व्हेरी नाइस! झालं. दर वर्षी आधीपेक्षा मोठा!"
"मग रडलात कशाला?"
आजींनी कवळी बसवली. "अरे, इथं आल्यापासून माझ्यासाठी म्हणून कुणी दार वाजवलं नव्हतं. त्या दिवशी वाजवलं, आणि मी ते पुरून आले."
दारात काका. गुडघ्याला चिखल. "मग... भाऊ नाही?"
"तू एकटाच. पुरे झालास."
काका जरा नाराजच दिसले.

२२ जानेवारी
तनू फोनवर हसली! सान्वी पण, उगाच. मग तनू म्हणते, "सातच का? आठव्या वर्षी काय झालं, विचारा की."

२३ जानेवारी
विचारलं. आठव्या वर्षी आजींनी खरं सांगितलं, तोपर्यंत इंग्रजी येत होतं. मिसेस मकाय म्हणाली — ठाऊक आहे. माझ्या कुत्र्यानं दर वर्षी उकरून खाल्लाय. पण तू दार उघडायचीस, दोन शब्द बोलायचीस. म्हणून आणत होते.
म्हणजे काकांनी फुलं वाहिली तिथं काहीच नाही! त्यांना सांगणार नाही.
तनूला सांगितलं. नुसतं "हं" म्हणाली.

२५ जानेवारी
सकाळी तनूचा मेसेज. "आमचे दोघींचे व्हिसाचे फोटो काढले. सान्वी तीनदा रडली. कागद भरा. अन् खाली कुणाचं कुत्रं आहे का, आत्ताच बघून ठेवा."