नानांचे दात

पिनर,
१४ नोव्हेंबर २००६

ती. रेखाताईंना सुलक्षणाचा नमस्कार.

दिवाळीचं पार्सल उशिरा का होईना, पोचलं. शंकरपाळे चहात भिजवून नानांना देते, आवडीने खातात. थंडी सुरू झालीये, चार वाजताच अंधारून येतं. तुमच्या भाचीच्या, वरदाच्या, मँचेस्टरला परीक्षा चालू आहेत, ती ख्रिसमसलाच येईल.

नानांचे चार दात काढले हे यतीनने फोनवर सांगितलंच. तुम्ही मला म्हणालात, "वय झालं, दात जायचेच. तू आमच्या वडिलांचं एवढं करतेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." यतीन शेजारीच बसला होता. मी नुसतं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

ताई, ते दात वयामुळे गेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यापासून ब्रश हातात दिला तरी त्याचं काय करायचं हे नानांना कळेनासं झालं. एकदा त्या ब्रशने केस विंचरत होते. मग मीच दात घासायला लागले. ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. जूनमध्ये एका सकाळी माझ्या बोटाला कडकडून चावले, रक्त आलं. त्यानंतर मी दात घासणं सोडून दिलं. ओल्या फडक्याने तोंड पुसायचं, ब्रश नळाखाली ओला करून ठेवायचा आणि यतीनला सांगायचं, झालं. असे साडेतीन महिने.

सप्टेंबरमध्ये त्यांचं जेवण सुटलं. घास गालात धरून बसायचे. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाच्या आजारात पुढे असं होतं, मनाची तयारी ठेवा. यतीन जिन्यात बसून रडला. मला शंका होती. नानांच्या तोंडाला वास येत होता. पण दातांचं नाव काढलं की पुढचा प्रश्न मलाच विचारला जाणार, म्हणून गप्प राहिले. सहा किलो वजन उतरलं. मग एक दिवस गाल सुजला. दातांच्या मुळांशी पू झाला होता. दुखतंय हे सांगायला त्यांच्याकडे शब्दच उरले नव्हते.

दातांच्या दवाखान्यात निधी नावाची नर्स आहे. आईवडील नाशिकचे, ती जन्मली हॅरोला. तिने मला सगळं करून दाखवलं. लहान डोक्याचा मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे ब्रश तिरका धरून हलक्या हाताने गोल फिरवायचा. सकाळी एकदा आणि झोपताना न चुकता. नंतर चूळ नको, फक्त थुंकू द्यायचं. मग तिच्या मराठीत म्हणाली, "आन्टी, तू समोर उभी नको राहू. बाजूला, थोडी मागे. समोरून हात आली की त्याला भीती वाटते."

ती पद्धत सांगत होती. मला तिच्याकडे बघवेना.

कारण चावल्याचं सांगितलं ते अर्धंच होतं. त्या सकाळी मी नानांच्या थोबाडीत मारली. ते ओरडले नाहीत. गालावर हात ठेवून म्हणाले, "बाई, माझं काय चुकलं?" त्यानंतर मी ब्रश उचलला की ते दोन्ही हातांनी तोंड झाकायचे. माझं नाव विसरले, घर विसरले, एवढं मात्र विसरले नाहीत. म्हणून मी दात घासणं सोडलं. बोट चार दिवसांत बरं झालं होतं.

रविवारी यतीनला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "निदान डॉक्टरांसमोर तरी बोलायचंस." आता संध्याकाळी तो दात घासतो, सकाळी मी. त्याच्याजवळ ते तोंड उघडतात. माझ्याजवळ कधी उघडतात, कधी नाही. नाही उघडलं तर मी थांबते, अर्ध्या तासाने परत जाते. दोन किलो वजन भरून आलंय. काल पोळीही खाल्ली.

यतीन म्हणतो, जानेवारीत ताईला बोलावू. तुम्ही जरूर या, स्वतः बघा. नानांना तिकडे न्यावंसं वाटलं तर मी आडवी येणार नाही. मला विचारलंत तर त्यांनी इथेच राहावं असं वाटतं, पण ते म्हणायचा हक्क मला आहे का, ते तुम्ही ठरवा.

'तुमची' लिहायला हात धजत नाही.

सुलक्षणा