ताई, तू मंडळ सोडू नकोस

प्रिय ताई,

हे बघ, तू मला न विचारता ठरवतेस आणि मग कळवतेस, हे मला लहानपणापासून पटलेलं नाही. म्हणे मी मंडळ सोडते, तू स्पर्धेत उतर. काय गं, मंडळ म्हणजे काय पायातल्या चपला आहेत, काढल्या नि ठेवल्या दाराशी?

तुझं पत्र वर्कशॉपच्या मागच्या जिन्यावर बसून वाचलं. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं समजलं की करमाफी हवी तर संस्था धर्मादाय ठरायला हवी, आणि तशी ठरायची तर मंडळाच्या स्पर्धेचं बक्षीस मंडळातल्या कुणाच्या घरी जाता कामा नये. वर्गणी देणाऱ्यालाही मिळता कामा नये. पहिल्या अर्जात तू उद्देश म्हणून बाबांची आठवण राहावी असं लिहिलंस, तेव्हाच कर कचेरीतल्या साहेबाने तो परत केला. वडील गेले त्याचं वाईट वाटतं, पण याला लोकांचं काम म्हणत नाहीत, असं म्हणाला म्हणे. घरी येऊन तू भांडी आपटलीस हे आईने फोनवर सांगितलं. मी हसलो, मग हसू येईना. बाबा मैल्याची ती टाकी साफ करायला उतरले आणि विषारी हवेने पडले, त्यांना काढायला उतरलेला जोडीदारही पडला. त्याच्या घरीही चूल आहेच की.

खिशात मावेल आणि अशी हवा लागली की वाजेल अशी स्वस्त डबी बनवेल त्याला बक्षीस, ही कल्पना तुझी. टाकी साफ करणारे, हमाल, कधी न पाहिलेले लोक फोनवरून दहा-वीस पाठवतात ते तुझ्याकडे बघून. तू गेलीस तर कोण देईल? करमाफी नाही मिळाली तर त्यांच्या घामाचा वाटा करात जाईल, ते वेगळंच.

माझी डबी वाजते, ताई. गटाराच्या झाकणापाशी नेली की खिशातल्या खिशात कोकलते. इथे फ्रीज दुरुस्त करता करता सुटे भाग जमवले. मिस्त्री म्हणतो, तू एका नोकरीत टिकला नाहीस, या डबीला मात्र गोचिडासारखा चिकटलास. बाबा असते तर म्हणाले असते, चला, गधड्याने एक काम तडीस नेलं. नाव पुकारतील, पुढच्या रांगेत आई असेल, एवढंच मनात होतं. त्यात पैशाचा विचार नव्हता असं म्हणणार नाही, पण थोडाच होता.

तू राजीनामा खरडून ठेवला असशील, ओळखतो तुला. तो फाडून टाक. स्पर्धा पार पडली की डबी पाठवीन, जिंकणाऱ्याला तिचा उपयोग झाला तर झाला. माझा हट्ट आणि तुझा त्याग, दोन्ही इथेच मिटावेत म्हणून हे लिहितोय. आजपासून मीही वर्गणीदार. पावती माझ्या पूर्ण नावाने फाड आणि प्रत नव्या अर्जाला जोड, म्हणजे तू मंडळात असलीस काय नि नसलीस काय, मला बक्षीस घेता येणार नाही. बक्षीस समारंभाला यायच्या भाड्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते, तेच पाठवतोय. आईला सांग, सुट्टी मिळाली नाही.

तुझाच,
धाकटा

सोबत वर्गणी : चार हजार दोनशे.