तुझ्या तोंडी घातलेलं वाक्य

प्रिय वासंती,

जहाजावरून मी तुला वीस वर्षं पत्रं लिहिली. घरातून लिहितोय ते पहिल्यांदाच. जेवणाच्या टेबलाशी बसलोय. आपली अनघा मघाशी बिशानच्या पोस्टातून अमेरिकेला फॅक्स करून आली आणि आंघोळीला गेली. कॉलेज ठरलं तिचं. पण ते कसं ठरलं हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं, कारण मध्ये मी तुझ्या नावावर एक खोटं बोललो.

तू जानेवारीत गेलीस. मार्चमध्ये इथे सिंगापूरला मेडिकलच्या मुलाखती झाल्या. अनघाला बोलावणंच आलं नाही. ती रडली नाही, फक्त दोन दिवस नीट जेवली नाही. मग एप्रिलमध्ये, तुम्ही दोघींनी मिळून पाठवलेल्या अर्जांपैकी दोन ठिकाणांहून होकार आले. एक ओहायोतलं विद्यापीठ, दुसरं मिनेसोटातलं. तिथे आधी चार वर्षं पदवी करायची, त्याला प्री-मेड म्हणतात, आणि मग मेडिकलसाठी पुन्हा प्रवेश घ्यायचा. तुला हे सगळं पाठ होतं. मला तिने कागदावर काढून समजावलं.

दोन्ही लहान गावांतली. दोन्हीकडे पाच महिने बर्फ. तेच विषय, साधारण तेवढेच विद्यार्थी, खर्चही जवळपास सारखा. माहितीपुस्तकांतली मुलंसुद्धा एकाच झाडाखाली बसल्यासारखी दिसत होती.

"मग फरक काय आहे?" मी विचारलं.

"सेम सेम ला, बाबा," ती इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

उत्तर कळवायला तीन आठवडे होते. तिने एक तक्ता करून फ्रिजवर लावला. डावीकडे ओहायो, उजवीकडे मिनेसोटा. रोज एखादी ओळ वाढायची आणि रोज बरोबरी व्हायची. येता-जाता ती त्याच्यासमोर उभी राहायची. तिला असं अडकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं तर मी तिला फारसं पाहिलंच कुठे होतं?

एका सकाळी पोहे खाताना ती म्हणाली, "आईने पाच मिनिटांत सांगितलं असतं."

खरंच होतं ते. घर हौगांगला घ्यायचं की बिशानला, हे तू एका दुपारी ठरवलंस आणि मला पत्राने कळवलंस. मी काही म्हणालो का? पण त्या सकाळी मी म्हणालो, "तिने सांगितलं होतं मला. दोन्हीकडून होकार आला तर ओहायो."

का बोललो? तो तक्ता मला बघवत नव्हता. आणि माझ्या शब्दाला या घरात फारसं वजन नव्हतं. वाटलं, तुझ्या शब्दाला असेल.

अनघाने चमचा खाली ठेवला. "कधी म्हणाली?"

"डिसेंबरमध्ये. डर्बनहून फोन केला होता ना, तेव्हा."

तिने उठून तक्ता काढला. त्या दिवशी आमटी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मला वाटलं, सुटलं.

दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना तिने विचारलं, "आणखी काय म्हणाली आई?"

"म्हणाली, तू चांगली डॉक्टर होशील."

"आई असं बोलली? शक्यच नाही. ती म्हणाली असती, डॉक्टर नंतर हो, आधी खोली आवर."

मी हसलो, तीही हसली. तू गेल्यानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र हसलो, वासंती. तिथेच खरं सांगायला हवं होतं. मला ते हसू मोडवेना.

मग एक दिवस तिच्या लसींचा दाखला घ्यायला आम्ही नोव्हेनाला निघालो. एमआरटीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच विचारू लागली. फोनवर आईचा आवाज कसा होता? थकल्यासारखी वाटली का? मी अमेरिकेला गेले की मला मिस करेल असं म्हणाली का? बिशान ते नोव्हेना तीन स्टेशनं. तीनही स्टेशनं मी खोटं बोलत होतो.

ओहायोबद्दल ती विचारतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आईचे काही शब्द बाबांकडे शिल्लक आहेत आणि ते थोडे थोडे मिळतील, असं तिला वाटत होतं.

आणि माझ्याकडे काय होतं? तुला आठवतं का आपण त्या फोनवर काय बोललो? वॉशिंग मशीनचा पाइप. तो गळत होता आणि क्लिप कशी आवळायची ते मी तुला समजावत होतो. मग तू म्हणालीस, "अहो, अनघाच्या अर्जांचं जरा सांगायचं होतं." फोनसाठी माझ्यामागे चार जण रांगेत उभे होते. मी म्हणालो, "ते पुढच्या बंदरातून बोलू." तू "बरं" म्हणालीस. पुढचं बंदर यायच्या आत कंपनीचा निरोप आला, तुला हॉस्पिटलात ठेवलंय. मी तिथे पोहोचलो तेव्हा तू बोलण्यापलीकडे गेली होतीस.

तू "बरं" का म्हणालीस? आत्ताच ऐका, असं एकदा दरडावून म्हणायला काय झालं होतं? वीस वर्षं तू माझं 'नंतर बोलू' ऐकून घेतलंस आणि मला तीच सवय लागली. पण हा दोष तुझ्यावर ढकलून माझा कमी होत नाही, तेही कळतंय.

घरी आल्यावर दारातच बूट काढता काढता मी अनघाला सगळं सांगितलं. पाइपसकट.

"म्हणजे ती काहीच नाही म्हणाली?"

"सांगणार होती. मी ऐकलं नाही."

ती आत गेली. पुढचे दोन दिवस मला फक्त "ओके" मिळत होतं. तिसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली.

"खोटं बोललात त्याचा एवढा राग नाही आला," ती म्हणाली. "पण मी इतके दिवस खूश होते, त्याचा आला."

मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"आता तुम्ही सांगा, बाबा. एकसारखी दोन जहाजं असली तर तुम्ही कसं ठरवता?"

तिने मला असं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी म्हणालो, "जहाजावरचा जुना चीफ इंजिनियर उतरताना नव्यासाठी कागद लिहून ठेवतो. काय बिघडतं, कुठे गळतं, कशावर लक्ष ठेवायचं. ज्या कागदावर एकही दोष लिहिलेला नसतो, त्या जहाजाची मला भीती वाटते."

ती उठली आणि दोन पत्रं घेऊन आली. दोन्हीकडून तिथल्या एकेका विद्यार्थ्याने तिला लिहिलं होतं. ओहायोच्या मुलाला सगळंच छान वाटत होतं. मिनेसोटाची मुलगी मलेशियाची, दुसऱ्या वर्षाला. तिने लिहिलं होतं की पहिल्या थंडीत ती दर रविवारी रडायची. केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत नापास झाली, तेव्हा सरांनी आपल्या ऑफिसात बोलावून सगळा धडा पुन्हा शिकवला. जेवण वाईट आहे, चिली सॉसच्या दोन बाटल्या आण.

"मला हे पत्र आल्यापासून तिथेच जावंसं वाटत होतं," अनघा म्हणाली. "पण रडणारी मुलगी तक्त्यात कुठे लिहू? आणि मग तुम्ही म्हणालात, आईने ओहायो सांगितलंय."

माझ्या एका वाक्यासाठी ती चार वर्षं नको त्या गावी राहिली असती, आणि आईची इच्छा म्हणून तक्रारही केली नसती.

आज मिनेसोटाला होकार गेला. तुला काय वाटलं असतं, मला माहीत नाही.

वासंती, तुझ्या नावाने मी पुन्हा बोलणार नाही. ती तिथून फोन करेल, अडेल, आई काय म्हणाली असती असं विचारेल. तेव्हा मी "माहीत नाही" म्हणेन आणि मला काय वाटतं ते सांगेन, चुकलं तरी. आणि त्याआधी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेईन.

ती आतून हाक मारतेय. सिंगापूरमध्ये बर्फातले कपडे कुठे मिळतात, विचारतेय. मला माहीत नाही. तेच सांगून तिच्याबरोबर शोधायला निघतो.

तुझा,
श्रीधर