दोघांत एकाच्या गोळ्या

शिंदखेडा, १९९९

रंजनाच्या पप्पांना,

हे पत्र मी टाकणार नाही. नरडाण्याला कामासाठी राहता त्या तुमच्या खोलीत ते बरोबरच्या चौघांच्या हाती पडेल आणि आपला आजार गावभर होईल.

परवा पहिल्यांदाच तुमच्याबरोबर धुळ्याला डॉक्टरांकडे आले. तुमच्या रक्तातले एचआयव्हीचे विषाणू जरासुद्धा कमी झाले नाहीत, म्हणून डॉक्टर भडकले. “गोळ्या चुकवता का?” तुम्ही मान खाली घालून म्हणालात, “हां साहेब, इसरी जास मी.”

तुम्ही आणि विसरणार? शेजारणीच्या म्हशीचं औषधसुद्धा आठवणीनं आणणारा माणूस!

“अर्ध्या औषधानं हा आजार मरत नाही, उलट निर्ढावतो,” डॉक्टर ओरडले. मला घरची मिश्रीची डबी आठवली. दर रविवारी घरी आलात की तुम्ही तिच्यात गोळ्या भरता, “डॉक्टरांनी तुझ्यासाठी दिल्या,” म्हणता. कंपाउंडरनं तर एकाच माणसाच्या दिल्या. म्हणजे दोघांच्या विकत घ्यायला पैसे पुरत नव्हते, आणि इतके दिवस मी तुमच्यातल्याच अर्ध्या खात होते.

असा नवरा कुणाला मिळतो? आणि इतका येडा तरी?

उद्या मी एकटी जाऊन डॉक्टरांना खरं सांगणार आहे. बोलणी बसतील. ती मात्र सगळी मीच खाईन, तुम्हाला त्यातली अर्धी देणार नाही.

तुमच्यावर चिडलेली, तुमचीच,
प्रमिला